पाठीचा दम किती?

पाठीच्या स्नायूंची ताकद वेगळी आणि त्यांचा दम वेगळा. हा दम मोजण्याची सर्वांत परिचित चाचणी डेन्मार्कच्या फिन बिएरिंग-सोरेन्सन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या १९८४च्या अभ्यासात, पाठीला चांगला दम असलेल्या पुरुषांना वर्षभरात पहिल्यांदाच कंबरदुखी होण्याचा धोका कमी दिसला.

टेबलावर पालथं झोपायचं, कमरेच्या हाडांची वरची कड टेबलाच्या काठाशी आणायची. पाय आणि कंबर पट्ट्यांनी बांधतात. मग हातांची छातीवर घडी घालून अधांतरी धड आडवं, सरळ धरायचं. कमाल मर्यादा २४० सेकंद.

अवघड भाग पुढेच आहे. निरोगी माणूस आज १२० सेकंद टिकला आणि आठवड्याने १३५, तर पाठ सुधारली का? बहुधा सांगता येणार नाही. कुणी शेजारी उभं राहून 'अजून थोडं!' म्हटलं, तरी आकडा वाढू शकतो. धड किती खाली झुकलं की घड्याळ थांबवायचं, हेही आधी ठरलेलं हवं. माझ्या मते सर्वाधिक ढिलाई इथेच होते. म्हणून काहीही उपचार न करता तीच चाचणी पुन्हा घेऊन, त्याच माणसाचे आकडे आपोआप किती हलतात ते पाहतात. त्याहून मोठा फरकच खरा धरायचा.

शिवाय मांड्यांमागचे आणि नितंबांचे स्नायूही भार उचलतात. आधी तेच थकले, तर घड्याळातले सेकंद निव्वळ पाठीचे उरत नाहीत.