यादी कोणी केली?



"आपण पाठवलेल्या ताडपत्र्या वाटायला पाड्याच्या सभेची वाट कशाला? सरपंचांच्या हाती देऊन टाका," असे मंडळीतील एका वडीलजनांनी मला म्हटले. प्रश्न रास्त आहे.

1993 साली 73व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला घटनेत स्थान मिळाले, पण पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रांना ती आपोआप लागू नव्हती. भुरिया समितीच्या शिफारशींनंतर 24 डिसेंबर 1996 रोजी पेसा कायदा झाला. त्यानुसार महसुली दप्तरातले मोठे गावच गाव धरायचे असे नाही; एखादा पाडाही गाव ठरू शकतो. गरिबांच्या योजनांचे लाभार्थी ग्रामसभा निवडते, आणि निधी योग्य तऱ्हेने खर्च झाल्याचा दाखलाही पंचायतीने तिच्याकडूनच घ्यायचा असतो. महाराष्ट्राचे नियम आले 2014 साली. म्हणजे 1996 मध्ये जन्मलेले मूल तोवर मतदानाच्या वयाला टेकले होते! पुढच्याच वर्षी आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट या ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय झाला.

पैसा गावापर्यंत आला, तशी त्याच्याभोवतीची माणसेही आली. पुष्कळ ठिकाणी यादी पुढाऱ्याच्या ओटीवर तयार होते आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरते. सभा कागदावर पार पडते. एक आजी मला कौतुकाने म्हणाली, "भाऊंनी घर दिलं." घर सरकारी योजनेचे, हक्काचे. पण ते भाऊंनी दिले असे एकदा मनात बसले की मत भाऊंना जाते, आणि भाऊंच्या ठेकेदाराने बांधलेला बंधारा गळू लागला तरी कोणी बोलत नाही. बोलणाऱ्याचे नाव पुढच्या यादीत नसते.

यात आम्हीही चुकलो आहोत. काही वर्षांपूर्वी सौरदिवे आम्ही एका पुढाऱ्यामार्फत वाटले. मंडप, हार, फोटो, सगळे झाले. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर मात्र एकही दिवा पोहोचला नाही. तिथल्या लोकांनी त्याला मते दिली नव्हती, हे आम्हाला नंतर कळले. तुमच्या देणगीने आम्ही त्याचाच हात बळकट केला होता.

ताडपत्र्या सरकारी नाहीत, त्यामुळे कायदा आम्हाला सभा घ्यायला लावत नाही. तरी आता नावे पाड्यावर सर्वांसमोर वाचतो. आधी बायकांची बैठक घेतो, कारण कोणाचे छप्पर गळते हे त्यांना नेमके ठाऊक असते. भांडणे होतात, दोन-तीन आठवडे जातात.

वडीलजनांना मी कळवले आहे की ताडपत्र्या पावसाआधी पोहोचतील. ओढ्यापलीकडच्या पाड्याची यादी पहिली वाचली जाणार आहे.