पितळखोऱ्याचा राजवैद्य आणि पैठणचा गांधिक

अजिंठा आणि वेरूळ ही नावे उच्चारली की मराठवाड्यातील माणसाला निराळे काही सांगावे लागत नाही. पितळखोऱ्याचे तसे नाही. सातमाळा डोंगररांगेतील एका खोल दरीत, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या रानाने वेढलेली ही बौद्ध लेणी वयाने अजिंठ्याच्या आरंभीच्या लेण्यांच्या बरोबरीची आहेत. तरीही तेथे जाणाऱ्यांची संख्या थोडीच असते. आयुर्वेदाच्या व्यावसायिकांनी मात्र ही लेणी आवर्जून पाहावीत, असे आम्हांस वाटते. कारण तेथील शिलालेखांत आपल्या व्यवसायाची दोन माणसे नावानिशी भेटतात. त्यांपैकी एक राजवैद्य आहे आणि दुसरा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी.

बदनापूरहून पितळखोरे सुमारे एकशेवीस किलोमीटर पडते. छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, कन्नड असा रस्ता असून पुढे पठारावरून लेण्यांकडे फाटा जातो. आम्ही काही वैद्य आणि औषधी दुकानदार पावसाळा सरताना एकत्र गेलो. या दिवसांत रान हिरवे असते, ओढा वाहता असतो आणि पायऱ्यांवरचे शेवाळ वाळू लागलेले असते. पठारावरून पाहिले तर लेणी दिसतच नाहीत. पायऱ्या उतरून ओढ्यापाशी आल्यावर समोरचा कडा उलगडतो.

लेण्यांचे स्वरूप

येथे एकंदर चौदा लेणी आहेत. त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाला. क्रमांक ३ हे चैत्यगृह, म्हणजे भिक्षुसंघाचे प्रार्थनामंदिर होय. त्याचा दर्शनी भाग ढासळलेला आहे. येथील खडकाचे थर ठिसूळ असल्याने पाणी मुरून बरीच पडझड झाली. तरीही अष्टकोनी स्तंभ आणि त्यांवरील नंतरच्या काळातील चित्रांचे अवशेष लक्ष वेधून घेतात. शेजारचे क्रमांक ४ हे भिक्षूंच्या निवासाचे विहारलेणे. त्याच्या जोत्यावर हत्तींची रांग असून दाराशी दोन सशस्त्र द्वारपाल आणि वर गजलक्ष्मी कोरलेली होती. मधुसूदन नरहर देशपांडे यांनी या लेण्यांविषयीचा विस्तृत अहवाल १९५९ साली पुरातत्त्व खात्याच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतरच विद्वानांचे या स्थळाकडे नीट लक्ष गेले. येथे सापडलेली यक्षाची मूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडविली, असे तिच्या तळहातावर कोरलेले आहे.

दोन नावे

चैत्यगृहातील एका स्तंभावर ब्राह्मी लिपीत दान नोंदविले आहे. दाता पैठणचा मितदेव असून तो ‘गांधिक’ कुळातला आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आज आपण ज्यांना काष्ठौषधींचे व्यापारी म्हणतो, त्यांचा हा पूर्वज म्हटल्यास वावगे होणार नाही. चंदन, अगरू, तगर, जटामांसी, कुष्ठ, कुंदुरू ही द्रव्ये गंधाची आहेत तशीच औषधाचीही आहेत. सुश्रुताच्या एलादि गणाची यादी डोळ्यांसमोर आणली की हे सहज पटते.

विहारातील लेखांत ‘राजवेज’ हा शब्द येतो. राजवेज म्हणजे राजवैद्य. वच्छीचा पुत्र मगिल असे त्याचे नाव कोरले आहे. त्याच्या दानाबरोबर त्याची कन्या दत्ता आणि पुत्र दत्तक यांचीही दाने स्वतंत्रपणे नोंदलेली आहेत. एका वैद्याच्या घरातील तिघांची नावे सुमारे दोन हजार वर्षे दगडावर टिकावीत, आणि त्यांत कन्येचे नाव स्वतंत्र दात्री म्हणून यावे, ही गोष्ट आपल्या व्यवसायाच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखी आहे.

संघ आणि भेषज

राजवैद्याने भिक्षूंच्या निवासाला दान द्यावे, यात नवल नाही. विनयपिटकातील महावग्गात भेषजांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. शरद ऋतूत भिक्षू आजारी पडू लागले, त्यांना अन्न पचेना, तेव्हा तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित ही पाच द्रव्ये औषध म्हणून घेण्याची अनुज्ञा दिली गेली, अशी हकीकत तेथे येते. वर्षा ऋतूत संचित झालेले पित्त शरदात प्रकुपित होते आणि त्यावर घृत श्रेष्ठ, हे आपण प्रथम वर्षापासून शिकतो. म्हणून हा प्रसंग वाचताना वैद्याला परके काही वाचल्यासारखे वाटत नाही. त्याच प्रकरणात पांडुरोगी भिक्षूला गोमूत्रात भिजविलेली हरीतकी देण्याची मुभा आहे. आजही पांडू आणि शोथात आपण गोमूत्र-हरीतकी योजतो.

दुसरा धागा महामायूरी या बौद्ध संस्कृत ग्रंथाचा आहे. सर्पदंश झालेल्या एका भिक्षूच्या रक्षणार्थ ही विद्या सांगितली गेली, अशी त्याची मांडणी आहे. त्यात गावोगावच्या यक्षांची यादी असून ‘पीतंगल्य’ येथील यक्षाचा उल्लेख येतो. पीतंगल्य म्हणजेच पितळखोरे, असे अभ्यासक मानतात. याच महामायूरीचा भाग बॉवर हस्तलिखितात आहे. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे मिळालेल्या त्या भूर्जपत्रांत लशुनकल्प आणि नावनीतकही आहेत. एकाच पोथीत औषधाचे पाठ आणि रक्षेची विद्या एकत्र बांधलेली होती. युक्तिव्यपाश्रय आणि दैवव्यपाश्रय चिकित्सा त्या काळी एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या, याचा हा पुरावा समजावा.

पैठणचा माल कोठे जात होता

पितळखोरे हे दख्खनच्या पठारावरून खानदेशात उतरणाऱ्या प्राचीन वाटेजवळ आहे. म्हणूनच पैठणच्या व्यापाऱ्याचे नाव येथे सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये पैठणहून भडोचला जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. भडोच बंदरातून परदेशी जाणाऱ्या वस्तूंत कुष्ठ, गुग्गुळ, जटामांसीच्या जातीचे सुगंधी मूळ आणि रसांजनासारखे द्रव्य होते. आपल्या दुकानांतील डबेच जणू तेथे मांडलेले दिसतात.

आता या यादीकडे आजच्या नजरेने पाहू. कुष्ठ, जटामांसी आणि गुग्गुळ या तिन्ही वनस्पती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त वर्गात नोंदल्या गेल्या आहेत. कुष्ठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आहेत. ज्या द्रव्यांच्या व्यापारावर गांधिकांची पेढी उभी होती, त्यांतील तीन आपल्या पिढीत रानातून नाहीशी होण्याच्या बेतात आहेत. माल दुर्मिळ झाला की भेसळ वाढते. गुग्गुळात सालईचा डिंक मिसळला जातो, अशोकाच्या सालीऐवजी उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल येते, नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या विकल्या जातात. वैद्य योजना अचूक करतो, रुग्ण पथ्य पाळतो, तरी गुण येत नाही. मग दोष शास्त्रावर येतो.

रानात उतरल्यावर

लेण्यांच्या भोवतालचे रान कोरड्या पानगळीचे आहे. सालई, धावडा, बहावा, पळस, बेहडा असे आपल्या ओळखीचे वृक्ष या पट्ट्यात आढळतात. आमच्यातील तरुण वैद्यांनी प्रथमच सालईची कागदासारखी सुटणारी साल झाडावर पाहिली. पदवी घेऊन बरीच वर्षे झालेल्यांनीही तिचा डिंक फक्त पुडीतच पाहिला होता. येथे एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले असून वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार परवानगीशिवाय तेथील वनोपज नेणे हा गुन्हा आहे. झाड पाहावे, हाताळावे, छायाचित्र घ्यावे; परंतु साल किंवा मूळ काढू नये. तक्षशिलेत गुरूने जीवकाला औषध नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. ती कथा सर्वांस ठाऊक आहे. आजच्या वैद्याने वेगळ्या अर्थाने रिकाम्या हाताने परतावे.

लेखांतून घेण्यासारखे

पितळखोऱ्यातील दानलेख फार छोटे आहेत. दाता कोण, कोणाचा, कोठला आणि काय करणारा, एवढेच त्यांत असते. आपल्या दुकानांत येणाऱ्या पोत्यांवर आज यांतील किती गोष्टी लिहिलेल्या असतात? बहुतेकदा एक व्यापारी नाव आणि वजन, एवढेच. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कोणते अंग, कोठून आणि कोणत्या ऋतूत गोळा केले, कोणी दिले, या पाच गोष्टी प्रत्येक पोत्याबरोबर मागाव्यात, असा प्रस्ताव आम्ही सदस्यांपुढे ठेवतो. आरंभी अशोक, गुग्गुळ, नागकेशर, जटामांसी आणि कुष्ठ या पाच द्रव्यांपुरतीच ही नोंद ठेवली तरी पुरे. दुकानदाराने प्रत्येक खेपेचा मूठभर नमुना नाव-तारखेसह बरणीत जपावा. वैद्याने महिन्यातून एकदा तो पाहावा, वास घ्यावा, शंका आल्यास द्रव्यगुणाच्या तज्ज्ञाकडे पाठवावा. याला मोठा खर्च नाही. वैद्य आणि दुकानदार यांनी एकमेकांना प्रश्न विचारण्याची सवय मात्र लागते. विचारणाऱ्याने संकोच करू नये आणि ज्याला विचारले त्याने तो अविश्वास मानू नये.

मगिल कोणत्या राजाचा वैद्य होता, ते लेखात नाही. मितदेवाने किती नफा मिळविला, तेही नाही. आपण दिलेल्या वस्तूवर आपले नाव आणि ओळख कोरण्यास दोघेही कचरले नाहीत, एवढे मात्र दगड सांगतो. आपल्या पुडीवर आणि बरणीवर तसेच नाव घालता यावे, इतका आपला माल खरा असला पाहिजे.