घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय?

घोरणारा माणूस सुखाने झोपलाय, हा घराघरांतला गैरसमज. घोरण्यामागे स्लीप ॲप्निया हा आजार असू शकतो. त्यात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग मिटतो आणि श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो. मग मेंदू दचकून जागा होतो. झोपणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तासाला असे ३० अडथळे म्हणजे आजार तीव्र. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती मांडली. तेच आजचं सीपॅप. मास्क आधी नकोसा वाटतो, हे खरं. पण पुष्कळदा चूक मापाची असते. कुशीवर झोपणं, वजन उतरवणं यानेही फरक पडतो. झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काहींनी घसा आणखी सैलावतो.