लव्हाळ्याचं गोत्र

दिवाळीनंतर एका वाचकाने विचारलं, ‘उटण्याच्या पुडीवर नागरमोथा छापलेला असतो, तो म्हणजे आमच्या उसातला लव्हाळाच का? तसं असेल तर आम्ही त्याच्यावर फवारणीचा खर्च कशाला करतोय?’

उत्तर ‘जवळजवळ’ असं आहे. शेतातला लव्हाळा म्हणजे सायपेरस रोटुंडस, वैद्यांची मुस्ता. अत्तरवाले ज्याचं तेल काढतात तो नागरमोथा बहुतेक वेळा सायपेरस स्कॅरिओसस. सख्खे नव्हेत, चुलत भाऊ. बाजारात मात्र दोघांची सर्रास सरमिसळ होते आणि पुडीतल्या भुकटीवरून कोण कोणता, हे सांगणं अवघड. फवारणीचं म्हणाल तर ती चालू ठेवा. जगातल्या तणांचा आढावा घेणारं एक जाडजूड पुस्तक 1977 साली निघालं, त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा होता. जमिनीखाली गाठींची माळ असते. वरचा शेंडा जिवंत असेतो मागच्या गाठी झोपून राहतात. तुम्ही उपटायला गेलात की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. खुरपणाऱ्या बायकांना हे कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक आहे.

लव्हाळा गवत नाही, हेही याच निमित्ताने. दांडा चिमटीत धरून फिरवा. गवताची काडी गोल असते, तिला पेरं असतात आणि बहुधा ती पोकळ असते. लव्हाळ्याच्या दांड्याला तीन धारा बोटांना लागतात, मधे पेर नाही, आत भरीव गाभा. पानंही तीन दिशांना. या मोथ्याच्या कुळात साडेपाच हजारांवर जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त दोनच प्रजातींनी अडवल्या आहेत: केरेक्स आणि सायपेरस.

या दोघींनी पृथ्वी जणू वाटून घेतली आहे. केरेक्स थंडीची. सुमारे दोन हजार जाती, मुख्यतः उत्तरेकडच्या गार प्रदेशात आणि उंच डोंगरांवर. तिबेटच्या पठारावर याक चरतात ती बोटभरही उंच नसलेली हिरवळ बव्हंशी याच घराण्यातली. सायपेरस उन्हाची. साडेनऊशेच्या आसपास जाती, त्यांतल्या बहुतेकींनी ऊस-मक्यासारखी सी-फोर पद्धत उचललेली. म्हणजे कडक उन्हात कार्बन डायऑक्साइड हावरटासारखा ओढून घ्यायची सोय. केरेक्सकडे ती नाही. म्हणून तर उसात लव्हाळा जड जातो: दोघेही एकाच तालमीतले. ऊस वाढून सावली धरली, की मग लव्हाळा दमतो. नाईलकाठी ज्याच्यावर इजिप्तच्या लोकांनी हिशेब लिहिले तो पपायरसही सायपेरसच, माणसापेक्षा उंच.

आता माझ्या आवडीची भानगड. चार्ल्स बॅरन क्लार्क नावाचा केंब्रिजचा गणिती बंगालमध्ये शाळा तपासनीस होता. शाळा तपासता तपासता त्याने वनस्पती गोळा केल्या, 1887 साली निवृत्त झाला आणि 1906 साली मरेपर्यंत लंडनजवळच्या क्यू उद्यानात बिनपगारी बसून मोथ्याच्या कुळाचा अभ्यास करत राहिला. हूकरच्या भारतीय वनस्पतिग्रंथातलं हे प्रकरण त्याचंच. तिळाहून बारीक, चपटं फळ भिंगाखाली धरायचं आणि बघायचं: कणसाच्या दांड्याकडे त्याची कड आहे की चपटी बाजू? कड असेल तर पायक्रियस, चपटी बाजू असेल तर जन्सेलस. एवढ्याशा फरकावर त्याने सायपेरसमधून वेगळी बिऱ्हाडं मांडून दिली. गणितीच तो!

पुढे जर्मनीतल्या कोबुर्ग भागातले एक पाद्री, गेऑर्ग क्यूकेन्थाल, या वादात उतरले. त्यांनी 1935-36 साली सायपेरसवर मोठा ग्रंथ लिहिला आणि ही सगळी बिऱ्हाडं पुन्हा एका छपराखाली आणली. हिरवळीत पांढरा गोंडा घेऊन उभी असते ती किलिंगासुद्धा. अनेकांना ते पटलं नाही. कित्येक प्रादेशिक ग्रंथांत क्लार्कची मांडणी तशीच चालू राहिली, आपल्याकडच्यातही.

गेल्या पंधरा वर्षांत डीएनए तपासले गेले. किलिंगा, पायक्रियस आणि अशा डझनभर प्रजाती सायपेरसच्या वंशवृक्षाच्या फांद्यांमध्येच बसलेल्या निघाल्या. किलिंगाला बाहेर ठेवायचं तर सायपेरसचे तुकडे करावे लागतील, मग लव्हाळा आणि पपायरस कुठे जातील कोण जाणे. त्यापेक्षा सगळ्यांना सायपेरस म्हणणं बरं, असं ठरलं. केरेक्सच्या बाबतीत 2015 साली तेच झालं, तिबेटच्या हिरवळीतली कोब्रेसिया त्यात विलीन झाली.

‘डीएनएने जुनं वर्गीकरण मोडीत काढलं’ असं वाचलं की मला म्हणून थोडं हसू येतं. यात मोडीत निघालं ते क्लार्कचं. पाद्रीबुवांचा आराखडा, तपशिलातल्या चुका सोडल्या तर, भिंग आणि वाळलेल्या नमुन्यांच्या जोरावर ऐंशी वर्षं आधीच तयार होता. आणि क्लार्कची भिंगाखालची खूणही फुकट गेलेली नाही. सोसायटीच्या हिरवळीतलं चपट्या फळाचं रोप ओळखायला मी अजून तीच वापरतो; कड दिसली की तोंडात आधी ‘पायक्रियस’च येतं.