कारखान्यातून निघाली तशीच

मोटारगाडी हा या पानाचा नेहमीचा विषय नव्हे. तरीही आज आम्ही एका मोटारीविषयी लिहीत आहोत. आपले बेट १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. त्याआधीच्या काळात येथे इंग्लंडच्या गाड्या पुष्कळ धावत, आणि ऑस्टिन व मॉरिस ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. त्या ऑस्टिनच्याच इंजिनावर इंग्लंडात एक शर्यतीची गाडी तयार झाली होती. तिचे नाव ऑस्टिन-हीली १००. आज सत्तर वर्षांनंतर कित्येक हौशी माणसे अशी जुनी गाडी मिळवतात आणि कारखान्याने ती शर्यतीसाठी जशी सजवली असती तशीच पुन्हा उभी करतात. त्यात वर्षे जातात आणि पैसाही अमाप लागतो. या खटाटोपात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जुने जपायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आधी थोडा इतिहास पाहू. डोनाल्ड हीली हे कॉर्नवॉलचे गृहस्थ. १९३१ साली त्यांनी माँटे कार्लोची रॅली जिंकली. पुढे वॉरिक येथे त्यांनी स्वतःचा लहानसा कारखाना काढला. १९५२ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात त्यांनी एक नवी गाडी मांडली. तिच्यात ऑस्टिन ए-९० या गाडीचे २६६० सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन होते. ऑस्टिनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना ती इतकी पसंत पडली की ती मोठ्या प्रमाणावर बनविण्याचा करार तेथेच झाला. गाडी ताशी १०० मैल वेगाने धावू शकते, म्हणून नावात १००. तिचा सांगाडा व पत्र्याचे काम जेन्सन कंपनी करी आणि जुळणी ऑस्टिनच्या लाँगब्रिज कारखान्यात होई.

१९५३ साली या गाड्या फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या. शर्यतीपूर्वी एका गाडीला लॉरीची धडक बसली. तेव्हा मेकॅनिकांनी रात्रभर खपून तपासणी झालेले भाग राखीव गाडीवर चढविले. दोन्ही गाड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि बाराव्या व चौदाव्या आल्या. बाजारात मिळणाऱ्या गाडीशी त्यांचे इतके साम्य होते की गिऱ्हाइकांनाही तसेच सामान हवेसे झाले. म्हणून कारखान्याने 'ल माँ किट' विक्रीस काढले.

त्या किटमध्ये काय होते हे शाळकरी मुलांनाही समजावे असे आहे. इंजिन म्हणजे हवा ओढणारा पंपच. हवा जास्त मिळाली तर पेट्रोल जास्त जळते आणि ताकद वाढते. म्हणून दीड इंची कार्ब्युरेटरांच्या जागी पावणेदोन इंची एस.यू. कार्ब्युरेटरांची जोडी आली. गरम हवा विरळ असते आणि थंड हवा दाट, म्हणून कार्ब्युरेटरांच्या तोंडावर एक बंद पेटी बसवून तिच्यात पुढून नळीने थंड हवा आणली. व्हॉल्व्ह अधिक उघडावेत म्हणून कॅमशाफ्ट बदलला आणि स्प्रिंगा कडक केल्या. मूळची ९० अश्वशक्ती सुमारे १००वर गेली. १९५५च्या अखेरीपासून कारखान्याने हे सारे स्वतःच बसवून '१०० एम' नावाने गाडी विकली. तिच्या बॉनेटवर हवा बाहेर पडण्यासाठी फटी होत्या आणि बॉनेट घट्ट राहावे म्हणून वरून चामड्याचा पट्टा. अधिक दाबाचे पिस्टन घातल्याने तिची ताकद ११० अश्वशक्ती झाली. अशा ६४० गाड्या कारखान्यातून निघाल्याचे सांगतात.

खास शर्यतीसाठी केलेली '१०० एस' मात्र निराळीच होती. १९५४ साली अमेरिकेतील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत हीलीची गाडी तिसरी आली. त्या सेब्रिंगवरून 'एस'. पत्रा ॲल्युमिनियमचा, इंजिनाचे डोके हॅरी वेस्लेक यांच्या आखणीचे आणि तेही ॲल्युमिनियमचे, ताकद १३२ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. बंपर नाही, छत नाही, आणि काचेऐवजी पर्स्पेक्सचा बुटका पडदा. विक्रीसाठी अशा फक्त ५० गाड्या झाल्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम पान्याचे नाही, कागदाचे असते. इंग्लंडमधील गेडन येथे ब्रिटिश मोटार उद्योगाच्या वारसा न्यासाकडे कारखान्याच्या जुन्या वह्या सांभाळून ठेवल्या आहेत. तेथून गाडीच्या जन्माचा दाखला मिळतो. गाडी कधी तयार झाली, इंजिनाचा क्रमांक कोणता, रंग कोणता, हे त्यावरून कळते. त्यानंतर जुनी छायाचित्रे भिंगाखाली धरून पाहायची. पट्ट्याचे बक्कल कोठे होते, तारांच्या चाकाची नटे कशी होती, शर्यतीचा क्रमांक कोणत्या जागी रंगविला होता, असे बारकावे त्यातून सापडतात.

येथे एक मोह आडवा येतो, तो चकाकीचा. कारखान्यातले कामगार घाईत असत. पत्र्याच्या आतल्या बाजूला रंगाचा पातळ हात, सांध्यावर वेल्डिंगचे खडबडीत डाग, हे सारे तेव्हाचेच होते. हौशी माणूस ते घासूनपुसून आरशासारखे करतो, आणि जिथे साधा रंग होता तिथे क्रोम चढवितो. गाडी देखणी होते, पण ती १९५५ची राहत नाही. वर्गात आम्ही मुलांना उतारा उतरवून घ्यायला सांगतो, तेव्हा एखादा हुशार मुलगा मूळ वाक्यच 'सुधारून' लिहितो. अक्षर सुंदर असते, पण उतारा चुकतो. तसेच हे.

मात्र काही गोष्टी बदलाव्याच लागतात. तेव्हाच्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून ब्रिटनने १९९९ साली त्यावर पूर्ण बंदी घातली. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे; ते व्हॉल्व्हच्या बैठका झिजू देत नसे. ब्रिटनमध्ये २००० सालापासून ते पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेले. म्हणून जाणते मेकॅनिक आत कठीण धातूच्या बैठका बसवितात. बाहेरून काही दिसत नाही आणि इंजिन टिकते. यात लबाडी नाही. अट एवढीच की बदल वहीत लिहिलेला असावा. काय जुने, काय नवे, कोणी व कधी बसविले, याची वही गाडीबरोबर राहिली पाहिजे.

ही वही नसली की मग खोटेपणाला वाव मिळतो. साध्या गाडीला किट आजही बसविता येते. ते प्रामाणिक काम आहे, कारण १९५०च्या दशकातही गिऱ्हाइके तेच करीत. पण तिला 'कारखान्याची १०० एम' म्हणून विकणे ही फसवणूक झाली. त्याहून मोठी फसवणूक म्हणजे नवा ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून, त्यावर 'ए.एच.एस.'ने सुरू होणारा क्रमांक कोरून, 'ही पन्नासांतली एक' असे सांगणे. कारागिराचे हात दोन्हीकडे सारखेच कुशल असतील. फरक फक्त एका वाक्याचा, आणि त्याच वाक्याने साऱ्या कामाची किंमत ठरते.

शेवटी एका गाडीची हकिकत सांगतो. तिचा नोंदणी क्रमांक एन.ओ.जे. ३९३. ११ जून १९५५ रोजी ल माँच्या शर्यतीत लान्स मॅकलिन ती चालवीत होते. पुढच्या जॅग्वारने अचानक वेग कमी केला, मॅकलिन यांनी गाडी बाजूला घेतली आणि मागून भरधाव येणारी पिएर लव्हेग यांची मर्सिडीज तिच्या पाठीवर आदळून प्रेक्षकांवर कोसळली. लव्हेग आणि ८०हून अधिक प्रेक्षक मृत्यू पावले. मॅकलिन वाचले. फ्रेंच अधिकाऱ्यांनी हीली गाडी ताब्यात ठेवली व नंतर परत केली. ती पुढे विकली गेली. डिसेंबर २०११मध्ये लिलावात तिला ८,४३,००० पौंड किंमत आली, आणि तेव्हा ती जुनाट, जीर्णोद्धार न केलेल्या अवस्थेतच होती.

अशी गाडी हाती आली तर काय करावे? १९५३पासून कारखान्यानेच तिच्यात वेळोवेळी बदल केले होते. मग तिला कोणत्या दिवसाकडे परत न्यायचे? शर्यतीच्या सकाळी होती तशी नवीकोरी करायची, तर त्या संध्याकाळची साक्ष पुसली जाते. अशा ठिकाणी, आम्हांला वाटते, कारागिराने पाना खाली ठेवणेच बरे. रंगाची कमतरता जिथे आहे तिथे रंग द्यावा. पण जिथे डागच बोलतो तिथे हात लावू नये.

आपल्या घरांतही पूर्वजांनी आणलेल्या वस्तू आहेत, तोंडपाठ आलेली गाणी आहेत, जीर्ण झालेली कागदपत्रे आहेत. त्यांनाही हाच नियम लागू पडतो. आधी नीट पाहा, मग गरजेपुरते दुरुस्त करा, आणि जे नवे जोडाल ते लिहून ठेवा. पुढच्या पिढीला आपली चकाकी नको असेल. खरे काय होते एवढेच तिला हवे असेल.