बाईने एकटीने कुठवर जावे?

बेसा हे गाव नागपूरला लागून, दक्षिणेला आहे. तेथल्या आमच्या वर्गाला एक खाला येतात. वय पन्नाशीचे. नवरा वारला. मुलगा नाही, दोन मुली आहेत. इद्दत संपल्यावर त्यांना बुटीबोरीला शिवणाचे काम मिळाले. रोजचे जाणेयेणे बसचे. पण दीर म्हणाले, "महरम सोबत नसताना बाईने असं जाणं शरीयतमध्ये बसत नाही."

खालांनी आम्हांला विचारले, "बाई, हे खरं आहे का? मग माझ्या मुलींनी खायचं काय?"

आम्ही काही मौलवी नाही. पण जाणत्यांना विचारून, वाचून जे समजले ते येथे सांगतो.

आधी महरम म्हणजे कोण ते पाहू. ज्याच्याशी त्या बाईचे लग्न कधीच होऊ शकत नाही, असा पुरुष नातलग म्हणजे महरम. बाप, मुलगा, भाऊ, काका, मामा, भाचा, भावाचा मुलगा, जावई हे महरम. प्रवासात नवरा असला तरी चालते. दीर मात्र महरम नाही! म्हणजे खालांना अडवणारे दीर स्वतः त्यांच्यासोबत हजला गेले, तरी महरम म्हणून चालायचे नाहीत. हे ऐकून वर्गातल्या बाया हसल्या. खाला हसल्या नाहीत.

आता कामाचे. पैगंबरसाहेबांच्या पहिल्या पत्नी खदीजा या व्यापारी होत्या. त्यांचा माल दूरच्या मुलखात जाई. कुराणात सांगितले आहे की पुरुषाच्या कमाईत पुरुषाचा वाटा आणि बाईच्या कमाईत बाईचा. मूसा पैगंबरांच्या कथेतही दोन मुली विहिरीवर गुरांना पाणी पाजायला येतात, कारण त्यांचा बाप म्हातारा झालेला असतो. म्हणून पुष्कळ विद्वान म्हणतात, गरज असेल आणि मर्यादा पाळली, तर बाईने काम करायला हरकत नाही. आणि तिने मिळवलेला पैसा तिचाच. घरखर्च नवऱ्याने चालवायचा असतो. नवराच नसेल तर काय, हा प्रश्न खालांचा होता.

अडचण खरी आहे ती प्रवासाची. बाईने महरमाशिवाय लांबचा प्रवास करू नये, असे हदीसमध्ये आले आहे. एका ठिकाणी एक दिवस-रात्रीची वाट म्हटली आहे, दुसऱ्या ठिकाणी तीन दिवसांची. तो काळ उंटांचा. वाटेवर लुटारू असत. नागपूरकडचे बहुतेक मुसलमान हनफी आहेत. हनफी मौलवी तीन दिवसांची वाट धरतात. पुष्कळ जण तिचा हिशेब 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटर लावतात. कोणी याहून जास्तही धरतात. त्याच्या आतले जाणेयेणे या 'सफर'मध्ये येत नाही. बेशाहून बुटीबोरी वीस-पंचवीस किलोमीटर. कामठीही आतच. वर्धा मात्र जवळपास हद्दीवर येते.

सगळ्यांचे मत एक नाही, हेही सांगितले पाहिजे. कोकणातले मुसलमान शाफई आहेत. त्यांच्या मते, भरवशाच्या बायांची सोबत असेल तर फर्ज हजला महरम नसला तरी चालतो. मालिकी मतही साधारण असेच आहे. हनफी म्हणतात, महरम नसेल तर त्या बाईने स्वतः हजला जाणे बंधनकारक नाही. दुसरी एक हदीसही आहे. एक बाई इराकातल्या हीरा गावाहून निघून काब्याला पोहोचेल आणि तिला अल्लाहखेरीज कोणाचे भय वाटणार नाही, असे दिवस येतील असे पैगंबरसाहेबांनी सांगितले होते. काही विद्वान यावरून म्हणतात की नियमाचे मूळ भयात आहे. वाट सुरक्षित झाली की नियम सैल होतो. इतरांना हे पटत नाही.

सरकारी नियमही बदलले. 2018 च्या हजपासून आपल्या देशातल्या 45 वर्षांवरच्या बायांना, चौघी मिळून, महरमाशिवाय अर्ज करता येऊ लागला. त्या वर्षी सुमारे 1,300 बायांनी अर्ज केले. 2023 साली एकटीलाही अर्ज करू दिला, आणि 4,000 हून जास्त बाया गेल्या. बाहेरून हजला येणाऱ्या बाईला महरम लागणार नाही, असे सौदी अरबच्या हज मंत्र्यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये सांगितले होते. पण आपल्याकडच्या सूचनांत एक अट होती: त्या बाईचा मसलक याला परवानगी देत असला पाहिजे. म्हणजे सरकारने दार उघडले, आत जायचे की नाही हे तिच्यावर आणि तिच्या मौलवींवर सोडले. आम्हांला ही गोष्ट बरी वाटली. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची सूचना वाचून घ्यावी.

खालांनी मशिदीतल्या मौलवीसाहेबांना बुटीबोरीचे विचारले. त्यांनी अंतर विचारले, सोबत कोण असते ते विचारले, आणि जा म्हणाले. आता त्या सकाळच्या बसने आणखी तिघींसोबत जातात. हजचे अजून ठरलेले नाही. नागपूरहूनही हजची विमाने सुटतात, विमानतळ बेशापासून जवळच. विमान वरून गेले की खाला मान वर करून पाहतात. परवा म्हणाल्या, "बाई, पासपोर्टाच्या कागदावर अंगठा नको. सही शिकवा."