डायमंड व्हील कापेनासं झालं तर

आपल्यातले बरेच जण भोसरी-चिंचवडच्या टूलरूममधून इकडे आलेले, तेव्हा हे दुखणं ओळखीचं असेल. कार्बाइडच्या टूलला धार लावता लावता डायमंड व्हील कापायचं थांबतं. जॉब तापतो, मशीन कण्हायला लागतं आणि कुणीतरी म्हणतं, "हिरे संपले, नवं मागवा." बहुतेक वेळा हिरे शाबूत असतात! त्यांना धरून ठेवणारं रेझिन त्यांच्या पातळीला आलेलं असतं, नाहीतर मधल्या जागेत बुरा गच्च बसलेला असतो.

उपाय ड्रेसिंगचा. पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची कांडी कुलंटमध्ये भिजवून फिरत्या चाकावर हलकी टेकवायची. ती रेझिन खरवडते आणि हिरे पुन्हा डोकं वर काढतात. सुरुवातीला कांडी फारशी झिजत नाही; भराभर झिजायला लागली की थांबा, नाहीतर चांगले हिरेही निखळतील. साध्या दगडाला लावतो तो एका हिऱ्याचा ड्रेसर इथे मुळीच लावू नका.

चाक डगमगत असेल तर मात्र नुसत्या ड्रेसिंगने भागत नाही, डायल लावून ते आधी गोल करून घ्यावं लागतं. म्हणूनच चाक फ्लँजसकट काढावं आणि फ्लँजसकटच ठेवावं.

टिपखालचं स्टील या चाकावर घासू नये. तापलेलं लोखंड हिऱ्यातला कार्बन खातं. स्टीलसाठी सीबीएन आहे, १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट वेन्टॉर्फ यांनी बनवलेलं. आणि चाकावर १०० कॉन्सन्ट्रेशन लिहिलंय म्हणजे सगळा हिराच, असं नाही: घन सेंटिमीटरला ४.४ कॅरट, म्हणजे आकारमानाने जेमतेम पाव हिस्सा.

आता गराजमध्ये हौसेने कोरडं ग्राइंडिंग करणाऱ्यांसाठी. कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असतं आणि त्यातून फुफ्फुसाचा कायमचा आजार जडू शकतो. टेबलफॅन लावून काही होत नाही, तो धूळ फक्त पसरवतो. चाकाजवळच धूळ ओढून घेणारी सोय हवी, शिवाय चांगला रेस्पिरेटर. कुलंट वापरलं तरी कोबाल्ट त्यात विरघळतं, तेव्हा त्याचे तुषारही नाकात जाऊ देऊ नका आणि टाकी वेळच्या वेळी बदला. टेबल झाडूने झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा, मुलांच्या कपड्यांत नको.